फक्कीचा टू बीएचके

"मॅडम, सातशे वीसमधलं आमचं किती आणि जिन्याचं किती?"

प्रश्न रुचिकाने विचारला खरा, पण तो तिचा नव्हता. तो होता दहावी 'ब'च्या मागच्या तीन बाकांचा. आठवडाभर मधल्या सुट्टीत तिने "आम्ही सातशे वीस स्क्वेअर फुटांचा फ्लॅट घेतोय, त्यात मला स्वतःची खोली, आणि खोलीला स्वतःचं दार" हे इतक्यांदा ऐकवलं होतं की शेवटी हेमालीने डब्याचं झाकण लावलं आणि तिच्याशी पैज लावली. हेमालीचं घर मागच्या दिवाळीत फ्लॅटमध्ये गेलेलं, त्यामुळे या विषयात ती अनुभवी होती आणि थोडी कडवटही. बिल्डरच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, मोठ्याने एवढं विचारून दाखव, नाहीतर दहावी संपेपर्यंत माझी पाण्याची बाटली तू भरून आणायची, अशी तिची अट.

एके काळी रुचिकाने निमूट बाटली भरली असती. हजेरीचं 'यस मॅडम'सुद्धा ती शेजारणीकडून म्हणवून घ्यायची. पण पंधरा ऑगस्टला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा आयत्या वेळी घसा बसला, बाईंनी समोर दिसली तिच्या हातात माईक दिला, आणि नंतर तो परत घ्यायला दोन शिक्षक लागले. तेव्हापासून रुचिका कुणालाही काहीही विचारू शकत होती.

सेल्सच्या मॅडमनी चेहऱ्यावरचं हसू जागचं हलू दिलं नाही. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, चारशे चाळीस होतो, त्या म्हणाल्या. बाकी लोडिंग. लोडिंगमध्ये जिना येतो, लिफ्ट येते, लॉबी येते, पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या छतावरची, बाग येते, आणि जिम येते.

रुचिकाचे पप्पा, भूपेश, मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होते. जागा हाच त्यांचा धंदा. कुठल्या रांगेत माल रचायचं एक लाकडी पॅलेट तिरकं लागलंय हे त्यांना फोनवरच्या आवाजावरून कळायचं. अशा माणसाने तीन वेळा येऊन सातशे वीस ऐकून घेतलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मग मॅडम, सातशे वीस कुठे आहे?"

"ते सर, बोलण्यात असतं. ॲग्रीमेंटमध्ये आम्ही कार्पेटच लिहितो."

परतीच्या वाटेवर पप्पांनी स्कूटर उगाचच हळू चालवली. पप्पांना दुःख दोनशे ऐंशी फुटांचं नव्हतंच. दुःख याचं होतं की ते सातशे वीस त्यांनी गोडाऊनमध्ये सांगून झालं होतं, शेलार गावच्या सासुरवाडीला सांगून झालं होतं, आणि परवाच्या एका हळदीत डीजेवर मात करत अर्ध्या गावाला सांगून झालं होतं. आता ते परत कसं घ्यायचं? रविवारी टोकन द्यायचं ठरलं होतं. रुचिकाला मात्र फुटांची फिकीर नव्हती. पन्नास राहिले तरी चालतील, त्यातलं एक दार तिचं असलं म्हणजे झालं.

दाराचं हे वेड समजून घ्यायला तिचं घर बघावं लागेल. कोन गावाच्या अलीकडच्या एका गावात स्लॅबचं चांगलं पक्कं घर होतं, पुढे पडवी, तिच्यापुढे मोठं थोरलं अंगण. दारं होती, पण ती लावण्यासाठी नव्हती. दिवसा दार लावलं तर शेजारून कोणीतरी विचारायला यायचं की घरात कोण आजारी आहे. रुचिकाचं टेबल पडवीत. पडवीतून आत जाणारा, बाहेर येणारा, मागच्या मोरीकडे निघालेला, मोटर चालू करायला आलेला, असा प्रत्येक जण तिच्या भूमितीवरून जायचा आणि जाता जाता "काय करतंस गो?" असं विचारायचा. प्रमेय सिद्ध करतेय, असं तिने एकदा सांगून पाहिलं. तर लडकूकाका, म्हणजे पप्पांचे शेजारीच राहणारे चुलतभाऊ, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले आणि ते काय असतं हे समजून घेईपर्यंत उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांना समजलं नव्हतं, आणि रुचिकालाही जे समजलं होतं ते समजेनासं झालं होतं.

त्या संध्याकाळी घरात चारशे चाळीस या आकड्यावर चर्चा बसली. अडचण अशी की चारशे चाळीस स्क्वेअर फूट म्हणजे केवढं हे कोणालाच डोळ्यांपुढे आणता येईना. पप्पांनी त्याची पॅलेट करून पाहिली, त्यावर आईने विचारलं की पॅलेटवर झोपायचं आहे का. आई सुकट वाळत घालायच्या किती चटया बसतील ते मोजायला लागली. आजा, म्हणजे पप्पांचे वडील चांगदेव, यांचा प्रश्न सगळ्यांत मूलभूत होता.

"हलदीला मानसा कुठं बसवाची?"

त्या गावात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला कोणी चुकला तर चालतं, हळदीला चुकला तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. रुचिकाचं लग्न निदान दहा वर्षं तरी लांब होतं. तिने ते सांगितलं, पण आजाने घर दहा वर्षांसाठी घेतात का, असं विचारून तिला गप्प केलं.

आणि इथेच पंधरा ऑगस्टचा तो माईक पुन्हा तिच्या अंगात आला. ती म्हणाली, बोलताय काय नुसते, अंगणात आखून बघू ना. ब्रोशरमध्ये प्रत्येक खोलीचं माप आहे. खऱ्या मापाचा फ्लॅट अंगणात काढू, रविवारपर्यंत त्यात राहून बघू.

आखायला लागणारी फक्कीसुद्धा तयार होती. लडकूकाका दर वर्षी गावात टेनिस बॉलची टूर्नामेंट भरवायचे, आणि मैदानाच्या पांढऱ्या रेषांसाठी आणलेल्या फक्कीची उरलेली गोण त्यांच्या ओट्याखाली पडून होती. काका कल्याणला गेले होते. त्यांच्या बायकोने, ठकूकाकीने, गोण दिली आणि सोबत सल्लाही दिला की स्वयंपाकघर पूर्वेला घ्या. रुचिका म्हणाली की बिल्डरने ते आधीच पश्चिमेला घेतलंय. ठकूकाकी म्हणाली, मग बिल्डरला सांग.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी पप्पांनी टेप धरली, रुचिकाने फक्की सोडली, आणि बघता बघता हॉल झाला, किचन झालं, दोन बेडरूम झाल्या. दार असेल तिथे रेषा तोडायची आणि बाकी सगळी भिंत. सगळं नीट चाललं होतं ते संडासापर्यंत. ब्रोशरप्रमाणे संडास नेमका आजाच्या बाजेवर येत होता. त्या जागी आजा गेली कित्येक वर्षं सकाळी पेपर घेऊन बसायचा. त्याला सांगून पाहिलं, समजावून पाहिलं. तो म्हणाला, बिल्डर काल आला, मी आधीपासून बसलोय. शेवटी त्याच्या चारी बाजूंनी रेषा मारून घेतली. त्यानंतरचा सगळा काळ आजा संडासात बसून पेपर वाचत होता, तिथेच चहा पीत होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होता.

रुचिकाने नियम एकच केला. भिंतीतून चालायचं नाही. ज्याला जिथे जायचं असेल त्याने दारातून जायचं.

एवढा साधा नियम पाळायला एका गावाला किती जड जावं? जानकीबाई मासळीची पाटी घेऊन आली ती किचनच्या भिंतीतून शिरली, बेडरूम ओलांडून हॉलमध्ये बसली. तिला परत पाठवून दारातून आणलं, तर तिने कोळंबीचा भाव वाढवला. कोंबड्यांना नियम सांगण्यात अर्थ नव्हता. "भिंत, भिंत" असं ओरडून ओरडून रुचिकाचा घसा बसायची वेळ आली. पण हळूहळू लोक शिकले. शिकले म्हणजे काय, त्यांना त्यात मजा यायला लागली. आई हातातली परात सांभाळत, अंगणाच्या मोकळ्या मध्यावर, नसलेल्या कोपऱ्याला वळसा घालून जायला लागली. पप्पा तर बेडरूमच्या दाराशी चप्पल काढायला लागले.

मग फर्निचर आलं. चार जणांनी आईचं लोखंडी कपाट उचलून बेडरूममध्ये आणलं, आणि ते उघडायचं तर पलंगावरच्या माणसाने उठून उभं राहावं लागत होतं. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, हे रुचूच्या खोलीत ठेवा.

रुचिकाची खोली साडेसहा बाय आठ होती. तिथे तिने टेबल लावलं होतं, खुर्ची ठेवली होती, खिडकीच्या जागी उभं राहून समोरचा विजेचा खांब दहा मिनिटं पाहून घेतला होता. आता त्यात कपाट आलं. कपाटामागून शिलाई मशीन आलं, कारण ते हॉलमध्ये शोभत नाही. मग तांदळाच्या गोणी, कारण किचनमध्ये मुंग्या. मग गणपतीचं मखर, कारण ते कुठेच मावत नाही. मग असं लक्षात आलं की कपडे वाळवायच्या बाल्कनीचं दार ब्रोशरमध्ये त्याच खोलीतून आहे. म्हणजे रोज सकाळी धुणं तिच्यावरून जाणार, आणि संध्याकाळी वाळून परत येणार. रुचिकाने पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी टेपकडे पाहिलं.

"खोली तुझीच आहे गं," आई म्हणाली. "फक्त सामान आमचं."

तरीही त्या दुपारी एक गोष्ट घडली. आजाला चष्म्याचं घर हवं होतं, ते कुणीतरी तिच्या टेबलावर ठेवलं होतं. आजा संडासातून उठला, हॉलमधून आला, आणि तिच्या खोलीच्या तुटक्या रेषेपाशी थांबला. समोर काहीच नव्हतं. नुसतं अंगण होतं, एक कोंबडी होती. आजाने हवेत दोन बोटं वाजवली.

"येऊ काय गो बाय?"

रुचिकाला आधी कळलंच नाही की हे आपल्याला विचारलंय. पंधरा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. "या," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला एखाद्या मुख्याध्यापिकेसारखा वाटला. आजाने चष्म्याचं घर घेतलं आणि दारातूनच परत गेला.

हे सुख संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. त्या भागात जमिनीवर पांढरी रेष दिसली की लोक तिचा एकच अर्थ लावतात. कुणीतरी मोजणीला आलंय. एक तर रस्ता जाणार, नाहीतर गोडाऊन येणार. दोन टेम्पोवाल्यांनी जाता जाता रेषा पाहिल्या, आणि बातमी त्यांच्याही आधी नाक्यावर पोचली. कुणाच्या तरी मते अंगणातून रेल्वे जाणार होती. हॉलच्या मापाचा रस्ता मंजूर झालाय, हे एकाला आतून कळलं होतं. एक एजंट बाइक उभी करून हॉलमध्ये उभा राहिला आणि पप्पांना म्हणाला, "सेठ, रोड टच है, अभी मत बेचना." भिंतीतून आला होता, पण त्याला परत पाठवायचं कोणाला सुचलं नाही.

तेवढ्यात लडकूकाका कल्याणहून आले. ते रिक्षातून उतरले, त्यांनी रेषा पाहिल्या, आपली गोण ओळखली, आणि मग त्यांना दिसलं की भूपेशचा मास्टर बेडरूम अंगणातल्या त्यांच्या हिश्श्यात आठ फूट आत आला आहे. अंगण सामाईक होतं. ते कुठपर्यंत कुणाचं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण तिथे आजवर कुणाचा बेडरूम नव्हता.

"भूप्या, माझ्याच फक्कीनं माझीच जागा घेतलीस?"

पप्पांनी सांगितलं की हे नुसतं बघण्यासाठी आहे. काका म्हणाले, सगळं आधी बघण्यासाठीच असतं. रुचिकाने मध्ये पडून लोडिंग समजावलं, कार्पेट समजावला. काकांना त्यातलं एवढंच कळलं की भूपेशकडे काहीतरी आहे जे आपल्याकडे नाही. ठकूकाकी आत गेली, उरलेली फक्की घेऊन आली, आणि दिवेलागणीच्या आत अंगणाच्या दुसऱ्या अर्ध्यात दुसरा फ्लॅट उभा राहिला. त्यात किचन पूर्वेला होतं. त्याला बाल्कनी दोन होत्या. टेप न वापरल्याने तो ऐसपैस झाला होता. आईने तो रेषेपलीकडून पाहिला आणि इतका वेळ चांगलं वाटत असलेलं आपलं किचन तिला एकाएकी कोंदट वाटायला लागलं. तिने पप्पांना विचारलं की आपल्याला एकच बाल्कनी का.

शुक्रवारी ग्रामसेवक आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. कुणीतरी तक्रार दिली होती की अमुक घरासमोर विनापरवाना दोन बांधकामं सुरू आहेत. भाऊसाहेबांनी बांधकामं पाहिली. ते बराच वेळ पाहत राहिले. पप्पांनी हात जोडून सांगितलं की साहेब, ही फक्की आहे, झाडूने जाते. भाऊसाहेब म्हणाले, ते मलाही दिसतंय, पण तक्रार आवक झाली आहे. आवक झालेल्या तक्रारीला 'काही नाही' असं उत्तर देता येत नाही, पंचनामा करावा लागतो. पंच म्हणून लडकूकाका तयारच होते. दुसऱ्या बांधकामाचे आरोपीही तेच होते, पण त्याला भाऊसाहेबांची हरकत नव्हती.

पंचनाम्यात मजले विचारले होते. तळमजला, पप्पा म्हणाले. उंची विचारली होती. पप्पांनी जमिनीवरच्या रेषेकडे बोट दाखवलं. ज्या माणसाने चार दिवसांपूर्वी गावाला सातशे वीस सांगितलं होतं, त्याला आता गावासमोर आपल्या घराची उंची शून्य सांगावी लागत होती. शून्य लिहिता येत नाही, भाऊसाहेब म्हणाले, रकाना रिकामा दिसतो. मग त्यांनी 'अल्प' असं लिहिलं. हे सगळं नियमित करायचं असेल तर नकाशा जोडा, असंही सुचवलं. रुचिका म्हणाली की हाच नकाशा आहे. भाऊसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं कोणी बंद न होणाऱ्या माईककडे पाहतं.

मग ते मोजायला पुढे सरकले. एक पाय उचलून ते थेट तिच्या खोलीत, तांदळाच्या गोणीशेजारी टाकणार, एवढ्यात संडासातून आवाज आला.

"ओ भाऊसाहेब. पोर अभ्यासाला बसलीय. दारातून जा, इचारून."

आजाने पेपरवरून मान वर केली नव्हती. भाऊसाहेबांचा पाय हवेतच राहिला. त्यांच्यामागे निम्मं गाव उभं होतं आणि त्या निम्म्या गावाला आता भिंती पाठ झाल्या होत्या. जानकीबाईने तर बोट दाखवून दार कुठे आहे तेही सांगितलं. भाऊसाहेबांनी पाय मागे घेतला, वळसा घातला, तुटक्या रेषेपाशी आले आणि घसा साफ केला.

"येऊ का आत?"

"बाहेरूनच मोजा," रुचिका म्हणाली. आणि सरकारने बाहेरून मोजलं.

पण बांधकाम पाडावंच लागलं. दोन बादल्या पाणी आणि एक खराटा घेऊन पप्पांनी हॉल, किचन, बेडरूम धुऊन काढले. लडकूकाकांनी आपला टॉवर पाडताना नुकसानभरपाई मिळते का एवढं विचारून घेतलं. संडास गेला, आजा तिथेच बसून राहिला. लोखंडी कपाट परत आत नेताना त्याचं दार निखळलं. आणि रुचिकाचं टेबल पडवीत जिथे होतं तिथे परत आलं.

रविवारी सकाळी आई-पप्पांची अंगणात बोलणी सुरू झाली. बिल्डरकडे दोनदा फोन झाला होता. पप्पांना आता थ्री बीएचके बघायचा होता, कारण त्याचं बोलण्यातलं माप हजाराच्या वर जात होतं. आईला दोन बाल्कन्या हव्या होत्या. आजाच्या मते हळदीसाठी पोडियमची बाग मिळणार असेल तर तिथे मांडव किती मोठा बसतो ते आधी आखून बघावं, आणि फक्की अजून उरली आहे.

रुचिका पडवीत अर्धवर्तुळाच्या कोनावर पोचली होती. लडकूकाका मोटर चालू करायला आत शिरले, ओल्या पायांनी तिच्या वर्तुळावरून गेले, आणि परत येताना टेबलाच्या कोपऱ्यावर टेकून म्हणाले, "मग, घेताव का थ्री बीएचके?"

तिने कंपास खाली ठेवला. ती उठली, ओट्याकडे गेली, गोणीत राहिलेली फक्की ओंजळीत घेऊन आली. काका टेकलेलेच होते. तिने त्यांना उठायला सांगितलं नाही. टेबलाभोवती, खुर्चीभोवती, आणि भिंतीपर्यंत तिने सरळ रेष ओढली. कोपऱ्यात नीट काटकोन केला, तेवढी भूमिती तिला येत होती. पुढच्या बाजूला दोन फूट रेष तोडली. काकांना आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता बसलोय हे हळूहळू कळलं, आणि ते तुटक्या जागेतून, अंग चोरून, बाहेर गेले.

मग तिने हाक मारली. आई-पप्पा पडवीत आले. मागून आजाही आला, आणि सवयीने थांबला.

"आई, पप्पा, मी ठरवलंय," रुचिका म्हणाली. आवाज पंधरा ऑगस्टचाच होता, फक्त माईक नव्हता. "फ्लॅट तुम्ही आज घ्या, पुढच्या वर्षी घ्या, दोन बाल्कनीचा घ्या, तीन बेडरूमचा घ्या. माझी खोली मी आत्ता घेतली. सहा बाय सात. सगळा कार्पेट, जिना नाही, जिम नाही. तांदूळ इथे येणार नाहीत, मखर येणार नाही, वाळत घालायचं काही इथून जाणार नाही. दहावी होईपर्यंत हे दार आहे, आणि यायचं असेल तर बाहेरून विचारायचं. तिकडे गेलो तरी हाच नियम, आणि तो मान्य असेल तरच मी येईन, नाहीतर आजासोबत इथेच राहीन. आणि पप्पा, थोडं मागे व्हा, तुम्ही भिंतीत उभे आहात."